हत्तीपाशी थांब

रविवार, संध्याकाळ

सई झोपलीय. मी उगाच सारखी जाऊन तिचा श्वास बघतेय.

पार्कात शिरल्यापासूनच मन खट्टू झालं होतं. झोपाळे काढले, झाडं तोडली, जिकडेतिकडे कर्कश गाणी आणि सेल्फी पॉइंट. ‘नाशिक रोडहून एवढ्या लांब हे बघायला आलो का?’ हे चिडले. मीही कुरकुरतच होते. आणि त्या नादात, दरवर्षीसारखं, सईला म्हणाले, ‘हरवलीस तर हत्तीपाशी थांब.’ लहानपणी आई मला हेच सांगायची. फाटकाजवळचा तो सिमेंटचा हत्ती यंदा नाही, हे आत्ताच तर बघितलं होतं मी! तरी बोललेच कशी?

आकाशपाळण्याच्या रांगेत मागे वळले तर सई नाही. फाटकाकडे धावलो. हत्तीच्या जागी नुसतं कारंजं.

झाडू मारणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘एक पोरगी हत्ती कुठंय विचारत होती. मागं टाकलाय म्हटलं तिला.’

मागे सगळं भंगार. त्यात हत्ती आडवा पडलेला, आणि त्याला लागूनच जमिनीतली पाण्याची टाकी. झाकण नाही. अगदी काठावर सई, हत्तीची सोंड घट्ट धरून.

‘आई, हत्ती पडलाय,’ ती म्हणाली. ‘पण मी थांबले.’

रागवायला निघाले होते, पण तिला काठावरून ओढून कवेतच घेतलं. तिचं काय चुकलं? माझंच तर ऐकलं तिनं, त्या पाण्याच्या काठापर्यंत.