ओक्तावियान यांच्या स्वागताचा कागद

रुसे, बल्गेरिया. सोमवार, ५ नोव्हेंबर २०१८. सकाळी ७.४०.
स्तांका आत्याच्या स्वयंपाकघरात बरण्यांवर लेबले चिकटवत आहे. भाजलेल्या लाल मिरचीची चटणी, बरण्या चारशे. शनिवारी पुलापलीकडून, रुमानियातून, ओक्तावियान मुंतेआनु येणार. जुर्जूचे व्यापारी, गातातही छान. दुपारी चटणीचा करार, संध्याकाळी गाणे. दोन देशांचे आर्थिक व सांस्कृतिक सहकार्य माझ्या हातून घडणार. बल्गेरिया-रुमानिया स्नेहमंडळाने मला चिटणीस उगाच केलेले नाही. (दुसरे कोणी तयार नव्हते, ही अफवा आहे.)
आत्याने यंदा हिवाळ्याची लाकडे घेतली नाहीत. सगळे पैसे मिरचीत घातले. तिला सांगितले, निर्धास्त राहा.

७ नोव्हेंबर.
स्वागताच्या कागदाची रंगीत छपाई महाग. छापखान्याच्या गेंचोकाकांकडे काळ्या चौकटीचा साचा तयार होता, निम्म्या दरात. गावात कोणी गेले की दारांवर, झाडांवर फोटोसकट कागद लावतात, त्याचाच. काका म्हणाले, "स्पास, पोरा, नीट बघ हं." नीट बघितले. चौकट भारदस्त आहे. वर 'स्वागत' छापले आहे. शुद्धलेखन तीनदा तपासले. लोक वाचतीलच.

९ नोव्हेंबर.
धुके. चौकातल्या अक्रोडावरून ओक्तावियान माझ्याकडे बघत होते. पुढे बेकरीच्या दारावरूनही. एक म्हातारी त्यांच्यापुढे क्रूसाची खूण करत होती. म्हणाली, "बिचारा! चेहरा किती हसरा!" प्रसिद्धी पोहोचली.

१० नोव्हेंबर. रात्र.
सभागृह भरले होते. सगळ्यांनी फुले आणली, पण दोन, चार, सहा अशी. जिवंत माणसाला आम्ही विषम फुले देतो. कोणी मयताच्या नावाने वाटतात ते उकडलेले गोड गहूही आणले. पाहुणे दारात थांबले. दारावरचा स्वतःचा चेहरा बघितला. आतून कोणीतरी किंचाळले.
मग पाहुणे हसले. मोडक्या बल्गेरियनमध्ये म्हणाले, "बाळा, मेलेला माणूस सही कशी करणार? चाळीस दिवस जाऊ दे. आत्मा मोकळा झाला की येतो." गायले नाहीत. आत्याने एक बरणी त्यांच्या खिशात कोंबली. टोपी विसरून गेले.
तारीख मिळाली, हे महत्त्वाचे. करार २० डिसेंबरला.

१४ नोव्हेंबर.
कागद काढायला निघालो. आत्या ओरडली, "मेल्याचा कागद माणसाने काढायचा नसतो रे, पावसाने काढायचा!" मी म्हणालो, ते जिवंत आहेत. म्हणाली, "मग तर हातच लावू नकोस."

२९ नोव्हेंबर.
आठवडाभर पाऊस. अक्रोडावरचे बाकीचे चेहरे विरघळले. ओक्तावियान तसेच आहेत. (कागद मीच निवडला होता.) आता मागच्या गल्लीने येतो-जातो. तिथेही दोन आहेत. मंडळाच्या खुंटीवरची टोपी कधी कधी हलते. खिडकी बंद असते. फट असणार.
आत्या कोट घालून झोपते.

२० डिसेंबर.
नवा शर्ट. दुपारी फोन. पाहुण्यांची मुलगी, इलेआना. वडील मंगळवारी झोपेतच गेले. हृदय जुनेच दुबळे होते, म्हणाली. म्हणजे आपला काही संबंध नाही. मी विचारलेही नव्हते.
मग म्हणाली, "बाबांना तुमची चटणी फार आवडली होती. त्यांच्या चाळिसाव्याच्या जेवणाला बारा बरण्या पाठवाल? आणि टोपीही."
निर्यात सुरू झाली.

हिशेब:
सभागृह व शर्ट: ९५ लेव्ह.
छपाई: ३० लेव्ह, उधार.
येणे: बारा बरण्यांचे ४८ लेव्ह.
आत्याचे देणे: तीनशे सत्त्याऐंशी बरण्या विकून देणे, हिवाळ्याची लाकडे.
ओक्तावियान यांचे देणे: टोपी.
त्यांच्या निधनाचे नवे कागद: शून्य. लागलेलेच आहेत.