राखीची वजाबाकी

४ नोव्हेंबर

राखीचं पुन्हा चुकलं! पाचवीतली सगळ्यांत हुशार पोरगी, आणि हातच्याची वजाबाकी चुकते? दिवाळीआधी अपूर्णांक तोंडी सोडवायची. काहीतरी शिजतंय.

एरवी वर्गात छान चाललंय. कच्च्या मुलांना माझ्याभोवती चटईवर घेते. चिंचोके, दहा-दहा काड्यांच्या जुड्या. हुशार मुलांना फळ्यावर गणितं लिहून देते, ती आपली आपण करतात. खेमराजला शंभराच्या पुढे मोजता येत नव्हतं — आता जुडी सोडून हातचा घेतो! मागचे पुढे येतायत. मग राखीच मागे का?

जानेवारीत निवासी शाळेची प्रवेश परीक्षा. आमच्या शाळेतून ती एकटीच बसणार. पास झाली तर बारावीपर्यंत राहणं-जेवण-शिक्षण सगळं तिथेच. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. अशी परीक्षा असते, हे मला तिच्या वयात कुणी सांगितलंच नाही. हिचं हुकायला नको.

आजपासून तिलाही चटईवर घेतलं.

५ नोव्हेंबर

चौथीचे भोजराज सर चहा पिताना हसले. "मॅडमजी, पीछेवालों को आगे लाए, आगेवाली पीछे गई! हिसाब बराबर!"

यांना कसं कळलं? माझी पद्धत त्यांना पहिल्यापासून खुपते. मधल्या सुट्टीत राखी त्यांच्या वर्गात शिरताना दिसली होती. तिच्या डोक्यात काही भरवतायत का? लक्ष ठेवायचं.

६ नोव्हेंबर

लक्ष ठेवलं. पाणी प्यायला जाते. माठ तिथे आहे.

१० नोव्हेंबर

मग आईच! धानकापणीचे दिवस. राखीच्या हातावर ओरखडे पाहिले आणि शाळा सुटल्यावर थेट घरी गेले.

जिजाबाई दारातच उखडल्या. "मी पोरीले कामाले नेतो म्हन्ता? इळा हाती घेऊ देत नाई तिले! बोरीच्या काट्याचे हायत ते. बोरं खाले गेलती भवानी!"

मी म्हटलं, वर्गात तिची वजाबाकी चुकते.

"राखीची? इचारा तिले. माह्यापुढं इचारा!"

विचारली. तीच, सकाळी चुकलेली. चुलीत काडी सरकवता सरकवता तिने उत्तर दिलं. बरोबर!

"मग वर्गात काहून चुकते वं?" माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली.

ती चूल फुंकत राहिली. आई म्हणाली, "बोल ना वं! मुकी झाली का?" ती घागर उचलून बाहेर पळाली.

म्हणजे मुद्दाम चुकवते. कुणाच्या सांगण्यावरून?

११ नोव्हेंबर

दिवसभर पाहत होते. चटईवर ती खुशीत! माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. खेमराजला म्हणते, "अबे ढेकळा, जुडी सोड ना! का लग्नात सोडशीन?" तो चिडला, मग दोघंही हसली. मला काहीतरी विचारायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मी दुसरीकडे वळले. मुद्दाम चुकणारं पोर एवढं खुश कसं?

१२ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर राखी मागे थांबली. म्हणाली, "मॅडम, बरोबर आलं का तुमी दुरूनच शाब्बास म्हन्ता. चुकलं का जवळ बसवता. अपूर्णांकाच्या पुढचं मले कोनीच नाई शिकवलं."

परीक्षेत सगळं पुढचंच असतं.