माशांचा जुना तास

सेमेय, १२ मार्च २०२४

चि. रौशन हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला 'बरं आहे'च्या पुढे काही सुचत नाही, म्हणून पत्र. आईच्या काचपेटीतल्या माशांसाठी तू बनवलेला तो वेळेवर दिवा लावणारा-विझवणारा डबा बिघडलाय. सकाळी दिवा तासभर आधीच लागतो, आणि रात्री जेवून जरा मासे बघत बसावं तर फट्‌कन बंद! शेजारची झ्लिखा म्हणाली, मुलगी इंजिनियर आणि घड्याळ असलं. मी म्हटलं, तुझा मुलगा तर याच गावात असून फिरकत नाही.

नौरीझच्या सणाला मटणाचं बेशबारमाक करणार आहे. एकट्याला कढई मोठी पडते. आई गेल्यापासून सगळंच मोठं पडतं. उन्हाळ्यात करार संपतोय म्हणाली होतीस. डबा दुरुस्त करायला येशील ना?

तुझी वाट बघणारा बाप,
तुझा आके

बुसान, ४ एप्रिल

ती. आकेंस रौशनचा शि. सा. नमस्कार.

आके, तुम्हीही ना! डबा ठणठणीत आहे. पहिला डबा पुढे पळायचा, म्हणून तर मी यात वेगळं घड्याळ बसवलं, बटणाएवढ्या सेलवरचं. वीज गेली तरी ते चालू राहतं. वर्षभरात मिनिटभर चुकेल, तासभर कधीच नाही. एक मार्चला सरकारने आपल्याकडची घड्याळं तासभर मागे घेतली, हे त्या डब्याला कोण सांगणार? डावं बटण दाबून धरा, आकडा लुकलुकला की एक तास कमी करा. झालं!

कंपनी आणखी तीन वर्षं राहा म्हणते. मेअखेर सही द्यायची आहे. काम मला आवडतं. पण संध्याकाळी खोलीवर आलं की बोलायला कुणी नसतं. माझं काही ठरत नाही. तुम्ही ये म्हणालात तर येईन, अगदी खरं सांगा.

तब्येतीला जपा, माया असू द्या.
रौशन

सेमेय, २६ एप्रिल

चि. रौशन हिस अनेक आशीर्वाद.

मला काय कळत नव्हतं होय? भिंतीवरचं घड्याळ मी त्याच दिवशी मागे घेतलं. डब्याला मात्र हात लावला नाही. आधी तुझ्या-माझ्यात तीन तासांचं अंतर होतं, एका हुकमाने चार झालं. तू आणखी लांब गेलीस असं वाटून मला रागच आला. निदान आईच्या माशांपाशी तरी तू होतीस तिथेच राहा, असं वाटलं. शिवाय डबा बिघडला म्हटलं की तू येशील. तुझा बाप लबाड आहे.

पण परवा नीट बघितलं. दिवा लागला की ते बिचारे काचेला तोंड लावून दाण्यांसाठी ताटकळतात, आणि मी नव्या वेळेने उठून तासाभराने दाणे टाकतो. माझ्या हट्टापायी रोज त्यांचे हाल. मेल्याहून मेल्यासारखं झालं. काल चष्मा लावून बटण दाबलं. आधी तास वाढलाच, मग जमलं. आता दिवा गावाबरोबर लागतो.

मला इथे फार एकटं वाटतं, पोरी. खोटं कशाला सांगू? तू ये, असं रोज म्हणावंसं वाटतं.

सही कर. लोभ तिथूनही करता येतो, तेवढा करत जा.

तुझा आके