सुमनच्या कॅलिपरला घातलेलं तेल

सोलापूर, सोमवार, १२ जानेवारी १९७६

यंत्रमागाच्या कुपीतलं चार थेंब तेल, फुकटचं. त्याची खरी किंमत सुमनच्या मांडीनं मोजली.

तिला पोलिओ झाल्यापासून डॉक्टरांपुढं मीच बोलतो. आजही सुरू झालो, "पोरीला काही त्रास नाही. माझ्या कानातून काही सुटत नाही, बाई. वीस मागांतला एक थांबला तरी कचेरीत बसून सांगतो, कुठला ते!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "शेठ, ती अठराची झाली. आता तिला बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा."

बाहेर! मी? पडद्याला कान लावला.

"पायाचा ह्यो लोखंडी कॅलिपर चौदाव्या वर्षीचा हाय, बाई. लई काचतो. दसऱ्यापासनं मांडीला जखम झालीय. आप्पा सगळ्यांना सांगत्यात, त्रास न्हाय म्हणून. मग मी काय बोलू?"

घरी आल्यापासून येरझाऱ्या घालतोय. मला का नाही सांगितलं? पण मी विचारलं कधी? उद्या नव्या कॅलिपरचं माप. तिनं बजावलंय, "आप्पा, तितं मीच बोलणार की."

ते तेल डोक्यातून जात नाही. दिवाळीत तिचा कॅलिपर कुरकुरला, तो मी माडीवरून ऐकला. खाली येऊन तेल घातलं, आवाज गेला. पोर मांडी धरून उभी होती.

जखम दिवाळीच्या आधीची आहे.