हो म्हणून टाकलं

२ सप्टेंबर
आनंदाची बातमी. ज्येष्ठ नागरिक क्लबच्या अध्यक्षांनी व्याख्यानाला बोलावलंय. तारीख सोळा. विषय मीच सुचवला: ‘संवादातील अडथळे’. या विषयावर बोलायला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडायचा नाही. नोकरीभर बसस्टँडवर अनाउन्सर होतो. डोक्यावर कर्णा, कानाला हेडफोन, समोर काच. मी बोललो की गाडी हलायची. काचेपलीकडचे शेकडो लोक निमूट ऐकायचे आणि कुणी उलटून एक अक्षर बोलायचं नाही. आदर्श संवाद म्हणतात तो हाच.

३ सप्टेंबर, सकाळ
तयारी सुरू. अडथळा पहिला: लोक पुटपुटतात. तोंड उघडून बोलायची पद्धतच गेली. भाजीवाला पुटपुटतो, बँकेतली मुलगी पुटपुटते, टीव्हीवर बातम्या देणारेसुद्धा पुटपुटतात. म्हणून टीव्हीचा आवाज जरा वाढवावा, तर वरच्या मजल्यावरची नर्स खाली येते आणि दारात उभी राहून पुटपुटते.
आमच्या हिचं तर विचारूच नये. लग्न झालं तेव्हा खणखणीत बोलायची. आता वाक्य सुरू करते आणि शेवट गिळून टाकते. वय झालं बिचारीचं. मी बोलून दाखवत नाही.

५ सप्टेंबर
मुलीचा व्हिडिओ कॉल. ती परगावी असते. आईशी तासभर बोलते, माझ्याकडे बघून हात हलवते. आज मात्र कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं: बाबा, कान तपासून घ्या.
नाचता येईना अंगण वाकडं. पोरीला नीट बोलता येत नाही आणि दोष बापाच्या कानांचा. व्याख्यानात हे उदाहरण घेणार. नाव न घेता.

६ सप्टेंबर
गेलो तपासायला. पोरीचं मन मोडवत नाही. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन घातला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. जुन्या ड्युटीवर परत आल्यासारखं वाटलं. बराच वेळ काही येईचना. मशीन बंद असणार. तपासणाऱ्या मुलीला वाईट वाटू नये म्हणून मी आपला अंदाजाने, थोड्या थोड्या वेळाने दाबत राहिलो. आलेख बघून तिचा चेहरा पडला. मशीन बिघडल्याचं कळलं असावं. तरी तिने श्रवणयंत्र घ्या म्हणून लिहून दिलं. विचार करून सांगतो म्हटलं. बस येईपर्यंत विचार केला. गरज नाही.

९ सप्टेंबर
माझी एक युक्ती इथेच लिहून ठेवतो, व्याख्यानात फोडणार नाही. समोरच्याचं बोलणं पोचलं नाही तर ‘काय? काय?’ करत बसू नये. माणूस वैतागतो. त्याचा चेहरा बघावा. हसरा असेल तर हसावं, गंभीर असेल तर ‘चालायचंच’ म्हणावं. शेवटी भुवया वर गेल्या की समजावं, प्रश्न आहे. प्रश्नाला ‘हो’ म्हणून टाकावं. ‘नाही’ म्हटलं की कारणं द्यावी लागतात. हो म्हटल्याने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही. (अपवाद: व्हॅक्यूम क्लीनरवाला सेल्समन.)
संकल्प: रोज अर्धा तास हिच्याशी मनमोकळा संवाद. उद्यापासून.

११ सप्टेंबर, संध्याकाळ
काल जमलं नाही. आज संवाद झाला, आणि काय झाला! मी स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसलो. ती ओट्याशी भांडी घासत, पाठ माझ्याकडे, नळ धो धो. तशीच बोलत राहिली. इतकं सलग ती वर्षभरात बोलली नसेल. भुवया दिसत नव्हत्या, पण हात चालू होते, म्हणजे विषय घरगुतीच असणार. मी मधून मधून ‘हो ना’, ‘बरोबर आहे’, ‘करून टाक एकदाचं’ म्हणत होतो.
शेवटी तिने नळ बंद केला, वळली आणि काहीतरी विचारलं. भुवया वर. हो म्हणालो. भुवया पुन्हा वर. ‘नक्की ना’ असं असावं. पुन्हा हो म्हणालो, जरा जोरात. तर जवळ येऊन माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला. कित्येक वर्षांत असा ठेवला नव्हता. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. साबण गेला असावा.
माणसाला ऐकून घेता आलं पाहिजे. बाकी काही लागत नाही.

१४ सप्टेंबर
ही एकदम मनावर घेऊन कामाला लागली आहे. कपाटं आवरली, डबे भरले, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. तांदूळ कुठे, साखर कुठे. मला काय ठाऊक नाही का? नर्स रोज खाली येते, दोघी कुजबुजतात. बायकांच्या गप्पा, मी लक्ष घालत नाही.
दुपारी हिने कॅलेंडरवर सोळा तारखेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हटलं, ही तारीख मी विसरेन का? तिला बरं वाटलेलं दिसलं. माझ्या व्याख्यानाची तिला माझ्याइतकीच काळजी.

१६ सप्टेंबर, सकाळी ८
ही बॅग घेऊन दारात. सोबत नर्स. बहिणीकडे निघाली असावी. आजचाच दिवस सापडला का? पण मी मोठं मन केलं. उंबऱ्यात जरा घुटमळली, माझ्याकडे बघत राहिली. निवांत जा म्हटलं, काळजी करू नकोस, माझं आटोपलं की मी आहेच. मान हलवून गेली.

१६ सप्टेंबर, दुपारी २
व्याख्यान अप्रतिम. माईक लागलाच नाही. सगळे अडथळे मांडले: पुटपुटणे, घाई, अहंकार, दुसऱ्याचं ऐकून न घेणे. शेवटच्या मुद्द्यावर विशेष टाळ्या.
मग प्रश्नोत्तरं. अध्यक्ष स्वतः उभे राहिले. चेहरा गंभीर, भुवया वर. इथे नुसतं ‘हो’ शोभलं नसतं. मी तयार ठेवलेलं उत्तर दिलं: प्रश्न मार्मिक आहे, पण त्याचं उत्तर काळच देईल, तोवर आपण चहा घेऊ. सभागृहात अशी शांतता पसरली की मलासुद्धा जाणवली. विचार खोलवर गेला असणार. चहाच्या वेळी जवळ कुणी आलं नाही. दडपण आलं असेल.

१६ सप्टेंबर, संध्याकाळी ६
ही आली नाही. मोबाइल उघडला. मुलीचे मेसेज एकाखाली एक. आई शुद्धीवर आली का. तुम्ही तिच्याजवळ आहात ना. बाबा, फोन का उचलत नाही.
बहिणीकडे जाऊन शुद्ध कशाला हरपेल, असं आधी मनात आलं. खरंच आलं. मग बॅग आठवली. मग नर्स आठवली.
निघतो.

१७ सप्टेंबर
छातीत गाठ होती. काढली. रिपोर्ट यायचाय.
नर्सने मला कॉरिडॉरमध्ये उभं करून सगळं मोठ्याने सांगितलं. इतकं मोठ्याने की येणारे जाणारे थांबले. सहीसाठी मी येईन म्हणून हिने डॉक्टरांना तासभर थोपवून धरलं होतं. सगळ्यांना एकच सांगत होती, ‘ते हो म्हणालेत. दोनदा म्हणालेत.’ शेवटी नर्सनेच सही केली.
अध्यक्षांचा प्रश्नही तिच्याकडूनच कळला. ऑपरेशनची बातमी त्यांना कळली होती, व्याख्यानानंतर त्यांनी तिला फोन केला होता. वहिनी कशा आहेत, एवढंच त्यांनी विचारलं होतं.
बाकावर बसून होतो. नळ चालू होता. नळ चालू असताना, पाठ करून, अशी गोष्ट कुणी सांगतं का? तोंडाकडे बघून सांगायला धीर झाला नसेल तिला, हे मान्य. तरी नळाचा मुद्दा बरोबर आहे.
पण विचारताना तिने नळ बंद केला होता.

१८ सप्टेंबर
तिच्याजवळ बसलो. माफ कर म्हटलं. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. रागावली असती तर बरं झालं असतं.

२४ सप्टेंबर
रिपोर्ट चांगला आला. गाठ साधी होती. कालच घरी आणलं तिला. आज जाऊन श्रवणयंत्र घेतलं.
घरात इतके आवाज असतात? फ्रिज गुरगुरतो, माझी चप्पल फटफट वाजते. सगळ्यात भयंकर माझा स्वतःचा आवाज. मी घरात इतका ओरडून बोलतो, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल.
संकल्प: आता सगळं नव्याने. ती बोलेल, मी ऐकेन. इतक्या वर्षांची भरपाई करणार.

२९ सप्टेंबर, सकाळ
पाच दिवस झाले. ती अजून खुणा करते. चहा हवा की कप दाखवते, जेवायचं की ताटाकडे बोट. सवय झाली असेल. सुटेल.

२९ सप्टेंबर, संध्याकाळ
आतल्या खोलीत ती मुलीशी फोनवर बोलत होती. मी बाहेर उभा. कसली तरी जुनी गंमत सांगत होती, मध्येच हसत होती. आवाज तसाच आहे, लग्नातला. एकही शब्द गिळत नाही. तिच्याकडे बोलण्यासारखं इतकं आहे, हे मला माहीतच नव्हतं.
फोन ठेवल्यावर आत जाऊन समोर बसलो. तिने हाताने विचारलं, चहा? मी कानाला हात लावून म्हटलं, हळू आवाजात म्हटलं, की आता मला सगळं ऐकू येतं. त्या दिवशी ओट्यापाशी जे सांगत होतीस ते पहिल्यापासून सांग. आणि त्याच्या आधीचंही, जे जे राहिलं असेल ते.
तिने यंत्राकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. बोलायला तोंड उघडलं, मिटलं. सुरुवात कुठून करायची ते शोधत असावी. मी वाट बघत बसलो.
‘काही नाही हो,’ ती म्हणाली.
अगदी हळू म्हणाली. तरी अक्षरन् अक्षर ऐकू आलं.