वाघदेवाच्या पाठीत

होउशी,
दहाव्या चांद्रमहिन्याची सोळावी

प्रिय दादा,

वहिनींनी पाठवलेला चहा पोचला. बाबांचा खोकला कमी आहे. रताळी काढून झाली. तालुक्याच्या धर्म-कचेरीत तू खुशाल असशील. मी खुशाल नाही.

तुमच्या कचेरीने देवळाचं लोककला दालन केलं, त्याला तीन महिने झाले. वेदीखाली बसणारा आपला वाघदेव आता काचेच्या पेटीत आहे आणि बाबांच्या गळ्यात बिल्ला. ज्याने चाळीस वर्षं त्याच्यापुढे कच्चं अंडं ठेवलं, तो माणूस आता "हात लावू नका" म्हणत उभा असतो. शहरातून सहली येतात, काचेवर टकटक करतात. "हलत नाही रे हा." "जेवून झोपला असेल."

प्राणिसंग्रहालय आठवतं? मी सात वर्षांची होते. लोक काच बडवत होते, आतला वाघ नुसत्या फेऱ्या मारत होता, आणि बाबांनी त्याला हात जोडले. एकजण म्हणाला, "काका, नवस बोला, म्हणजे नाचेल तो." सगळे हसले. तू लांब जाऊन उभा राहिलास, आमच्यातला नसल्यासारखा. मीही तुझ्यामागे आले. ते अजून टोचतं.

पण पत्र लांबलं ते दुसऱ्या कारणाने. दालन होण्याआधी फॉर्म आला होता. उंची, लाकूड, वय. शेवटी विचारलं होतं, मूर्तीच्या आत काही आहे का? बाबा म्हणाले, "नाही म्हणून लिही, पोरी." मला अक्षरओळख त्यांनीच करून दिली, देवळातल्या कौलाच्या चिठ्ठ्यांवरून. खोटं लिहिलं की बोटांवर पट्टी बसायची. मी 'आहे' लिहिलं.

मग तुझे साहेब आले. पाठीतली झडप उघडली. राख, पाच रंगांचे दोरे, आणि मूर्तीत जीव यावा म्हणून पणजोबांनी जिवंत कोंडलेली गांधीलमाशी. वाळून कोळ झालेली. साहेब म्हणाले, "हा तुमचा देव? एक फवारा मारला असता तर संपला असता." सगळं केराच्या टोपलीत. मूर्ती रिकामी असली की ती कला. तू दाराशी फोन बघत होतास.

तो प्रश्न कशासाठी आहे हे तुला ठाऊक होतं. मला का सांगितलं नाहीस?

परवा शेजारची बाओझू लेकीला घेऊन आली. पोरीला गालगुंड झालंय. पूजेचा सोनेरी कागद वाघाच्या जबड्यावरून फिरवून तिच्या गालाला लावायचा होता, तुझ्या-माझ्या गालाला लावला होता तसाच. बाबा म्हणाले, "हात लावू नका." मग त्यांनीच बिल्ला उलटा केला. मी किल्ली घेतली आणि पेटी उघडली.

कॅमेऱ्यात ते दिसलं. पुन्हा फॉर्म आलाय. पेटी कोणी उघडली? मी लिहिलंय, मी. मूर्तीच्या आत काही आहे का? मी लिहिलंय, नाही.

त्या दिवशीची केराची टोपली मीच उचलली होती, दादा. त्यातल्या राख-दोऱ्या-माशीची पुडी तीन महिने माझ्या उशाखाली होती. परवा कॅमेऱ्याकडे मी पाठ करून उभी राहिले आणि माझ्या आडोशाला बाबांनी झडप बंद केली, जे म्हणायचं ते पुटपुटत.

खाली तुझी सही लागेल. तपासल्याशिवाय तू सही करत नाहीस. या वेळी लांब उभा राहू नकोस.

आयुष्यात एकदाच खोटं लिहिणारी तुझी बहीण,
यालिंग