मामांच्या हातची गाठ

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आजही आत्यांनीच भरवलं! मी फर्स्ट शिफ्ट करून कारेगावात बसमधून उतरते, घरात पाय टाकते, तर सासूबाई, आमच्या आत्या, घास करतायत आणि सासरे, मामा, आ करून बसलेत. अर्धांगवायूला तीन महिने झाले. उजव्या हातात आत्ता कुठं जरा जान येतेय. शिरूरच्या फिजिओ मोनिका मॅडम कानीकपाळी ओरडून सांगतात — त्यांचं त्यांना करू द्या, नाहीतर हात कायमचा जाईल.

आत्यांना सांगितलं तर, "आजारी मानसाला राबवू व्हय गं? लोकं काय म्हणतील?"

लोकं!

बुधवार, ५ नोव्हेंबर

युक्ती सुचली. मेथीच्या जुड्या बांधाव्यात तर मामांनी! दोन वेढे, वरून फास, की जुडी बाजारापर्यंत हलायची नाही. आज पुढ्यात मेथीची पाटी आणि सुतळी ठेवली. मी समोरच खुर्ची टाकून बसले. सुतळी तीनदा सुटली. "अशी धरा मामा, अशी!" त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पाच जुड्या! घट्ट! मॅडमना फोटो पाठवला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

फसवलं मला! आज लवकर सुटले, मागच्या दारानं आले. आत्या भराभरा जुड्या बांधून मामांच्या पाटीत टाकतायत, आणि मामा पुढच्या दाराकडे नजर लावून माझी चाहूल घेतायत! आठवडाभर मी मॅडमना आत्यांच्या हातच्या जुड्यांचे फोटो पाठवत होते.

भांडले. आत्याही गप्प बसल्या नाहीत. "तू डोक्याव हुबी ऱ्हातीस. सुनंम्होरं सुतळी सुटली की शरम वाटती त्यांना. त्या दिशी जेवलं बी न्हाईत."

राग कशाचा, तर हे खरं आहे याचा. कंपनीत लाइनवर नव्या पोरीच्या मागे सुपरवायझर उभा राहिला की तिच्या हातून स्क्रू पडतात. रोज बघते मी. तरी घरी येऊन तेच केलं.

ठरलं. पाटी ठेवायची आणि पाठ फिरवायची. दोघींनीही.

रविवार, १६ नोव्हेंबर

तासभर भांडी घासत पाठ करून बसले. पदराचा बोळा तोंडात कोंबायचाच बाकी होता. चोरून बघितलं तर एक जुडी झाली, उचलताच सुटली. मी पातेलं घासत राहिले. आणि आत्या? लगेच धावल्या, "द्या हिकडं!" काय करू या बाईचं?

बुधवार, १९ नोव्हेंबर

आत्या मोरीत घसरल्या. मनगट मोडलं, तेही उजवंच. प्लास्टर. आमचे हे ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. कंपनी रजा देत नाही. आता घरात धड उजवा हात एकच, तोही दुपारी तीनपर्यंत रांजणगावात. कुणाकुणाला भरवू? वैताग आलाय नुसता. रडले बसमध्ये.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आले तर आत्या उंबऱ्यात बसलेल्या. तीन दिवस मोकळे असलेले केस आज बांधलेले — सुतळीनं! दोन वेढे, वरून फास. सैल, वाकडा. कानावर बटा लोंबतायत. नीट करावं म्हणून मी हात पुढे केला.

आत्यांनी मान मागे घेतली. "हात नगं लावू. अख्खी दुपार घातलीया त्यांनी."